मु. बामणोली, मु. औंध

आमचे अण्णा एस.टी.च्या सातारा आगारात वाहक होते आणि त्यांच्या नोकरीचा जवळजवळ सगळा इतिहास आमच्या घरात कालनिर्णयच्या जुन्या पानांवर शिल्लक आहे. ही पाने जपली गेली ती मात्र त्यांच्यासाठी नव्हे. पानांच्या मागे छापलेल्या पाककृती हाताशी असाव्यात म्हणून आई दर डिसेंबरात सरलेले कालनिर्णय गुंडाळून माळ्यावर टाकीत असे. अण्णांच्या वर्षश्राद्धानंतर माळा आवरताना त्या गुंडाळ्या खाली आल्या आणि दुधाच्या खाड्यांशेजारी त्यांच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरातल्या नोंदी दिसू लागल्या : 'मु. बामणोली', 'मु. औंध', 'मु. ढेबेवाडी', 'जादा – सज्जनगड'. मु. म्हणजे मुक्काम. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन गावात जायचे, गाडी तिथेच उभी करायची, रात्र तिथेच काढायची आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परतायचे, ही मुक्कामी गाडीची ड्यूटी अण्णांच्या वाट्याला नेहमी येई. किंबहुना ते ती मागून घेत, असे आईचे म्हणणे होते.

कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या पासावर आम्ही पंढरपूर पाहिले, कोल्हापूर पाहिले, आईचे माहेर तर दर वर्षी पाहिले. पण अण्णांच्या स्वतःच्या गाडीत आम्ही कधीच बसलो नाही. "कंडक्टरची बायको गाडीत दिसली, की तिचं तिकीट फाडलेलं लोकांना दिसत नाही," असे ते म्हणत आणि विषय तिथेच संपे. त्यामुळे पाने पुन्हा गुंडाळताना आई म्हणाली, "ह्यांचा निम्मा जन्म या गावांत गेला आणि मी यातलं एक गाव पाहिलेलं नाही." दादाने गाडी घेऊन येतो असे सांगितले, ते तिने मान्य केले नाही. जायचे तर एस.टी.नेच, असे ठरले आणि नोव्हेंबरात, थंडी पडू लागल्यावर आम्ही दोघी निघालो.

गुरुवार : सज्जनगड

मी पुण्याहून सकाळी पोहोचले तेव्हा चिमणपुरा पेठेतल्या घरात आईची पिशवी भरून तयार होती. साताऱ्याच्या स्टँडवर तिने तिकिटाचे पैसे सुटे मोजून हातात धरले होते आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे हे ठाऊक असूनही ती पूर्ण भाड्याचेच पैसे काढून बसली होती. वाहकाने यंत्राचे बटण दाबून कागदाची चिठ्ठी दिली, तेव्हा तिने ती उलटसुलट करून पाहिली. अण्णांच्या काळी पत्र्याच्या पेटीत निरनिराळ्या किमतीच्या, निरनिराळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले असत, भाड्याची बेरीज दोन-तीन तिकिटे मिळून करावी लागे आणि प्रत्येकाला पंचने भोक पाडावे लागे. सहा किलोमीटरचा एक टप्पा. गर्दी कितीही असली तरी पुढचा टप्पा यायच्या आत सगळी तिकिटे फाडून वेबिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, आकडे चढवायचे. हिशेबात रुपया कमी भरला तर तो खिशातून घालावा लागे, हे तर आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी कळले होते.

सज्जनगडावर अण्णा सर्वांत जास्त वेळा गेले असतील ते दासनवमीच्या जादा गाड्या घेऊन, आणि त्यामुळेच माघ वद्य नवमीला आम्ही घरचे कधी गडावर गेलो नाही. समर्थांनी शके १६०३ मध्ये याच तिथीला देह ठेवला. त्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नसे आणि अण्णा रात्री उशिरा आवाज बसलेला घेऊन घरी येत. आमची सहल नंतरच्या एखाद्या साप्ताहिक सुट्टीला होई. समर्थांच्या शेजघरातली कुबडी, पलंग आणि कल्याणस्वामींनी वाहिलेले पाण्याचे हंडे दाखवताना ते हमखास म्हणत, "कल्याणस्वामींना हंडे, मला तिकिटाची पेटी." विनोद तोच, दर वर्षी तोच, आणि आम्ही हसलो नाही तर ते पुन्हा एकदा सांगत. या वेळी हंड्यांसमोर उभे राहिल्यावर आईने तो स्वतःच म्हटला आणि स्वतःच हसली. गुडघ्यांमुळे तिला पायऱ्यांना बराच वेळ लागला. उतरताना उरमोडी धरणाचे पाणी पाहत आम्ही मध्ये दोनदा बसलो. संध्याकाळी घरी परतलो. या दिवसाबद्दल आणखी सांगण्यासारखे काही नाही.

शुक्रवार : बामणोली

संध्याकाळची बामणोली गाडी राजवाड्यावरून वर चढू लागली तेव्हा आईने खिडकीची जागा मला न देता स्वतः घेतली. यवतेश्वरच्या घाटातून खाली सातारा पसरलेला दिसतो, पलीकडे अजिंक्यताऱ्याची सपाट माथ्याची रेघ दिसते, आणि प्रत्येक वळणावर गाव थोडे लहान होत जाते. हा घाट अण्णांनी उभ्यानेच पाहिला असणार. तिकिटे फाडण्याचे काम याच अंतरात उरकावे लागते, कारण पुढे लोक मध्येच, फाट्याफाट्यांवर उतरू लागतात. आमच्या गाडीतही तेच झाले. दुधाचे रिकामे कॅन, खताची अर्धी पिशवी, दवाखान्यातून परतणारी म्हातारी आणि तिचा नातू असे सगळे एकेका वळणावर उतरत गेले.

कासच्या पठारावर आलो तेव्हा हंगाम सरून गेलेला होता आणि गवत पिवळे पडले होते. हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आता फुलांच्या दिवसांत तिथे प्रवेशासाठी आधी नोंदणी करावी लागते, याचे अण्णांना अखेरपर्यंत नवल वाटे. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की तिथे झाड मूळ धरत नाही. पावसाळ्यात तेरडा, सोनकी, सीतेची आसवे अशी बोटभर उंचीची झुडुपेच तेवढी फुलतात. अण्णांच्या भाषेत सांगायचे तर, "तिथं फुलांशिवाय काही पिकत नाही." त्यांना त्या पठारावरून जाणारी माणसे दिसत, फुले दिसत, पण फुलांना तिकीट लागत नव्हते. आमच्या पेठेत कास तलावाचे पाणी येते. उन्हाळ्यात नळ बारीक झाला, की अण्णा जणू स्वतः पाहून आल्यासारखे तलावाची पातळी सांगत, आणि बहुतेक वेळा ते खरेच पाहून आलेले असत.

बामणोलीत उतरलो तेव्हा अंधार पडला होता. समोरचे शिवसागर कोयना धरणाचे पाणी. या खोऱ्यातली अनेक गावे त्याच्याखाली गेली. दिवसा इथून तापोळ्याला आणि वासोट्याकडे लाँची सुटतात, रात्री मात्र पाणी आणि डोंगर यांतला फरकही कळत नाही. चहाच्या टपरीवर एका वयस्क गृहस्थांना आईने अण्णांचे नाव सांगून विचारले. त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर ना? उंचेपुरे, तंबाखू मळत मोठमोठ्यानं बोलायचे. एकदा ड्रायव्हरशी भांडून रात्रभर देवळात झोपले होते!" अण्णा पाच फुटांच्या किंचित वर होते, तंबाखूच्या वासानेही त्यांना ठसका लागे आणि त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकलेला नाही. मी काही बोलणार एवढ्यात आई म्हणाली, "हो, तसेच होते ते." मग तिने त्या भलत्याच कंडक्टरच्या आणखी दोन गोष्टी शांतपणे ऐकून घेतल्या आणि चहाचे पैसे दिले. खोलीवर जाताना मी तिला विचारले, तर म्हणाली, "त्यांना आनंद झाला होता. आणि ह्यांचंही कुठंतरी कुणीतरी दुसऱ्याच्याच नावावर सांगत असेल."

आम्ही आलो त्याच गाडीचा वाहक जालन्याकडचा तरुण होता. जेवायच्या वेळी तो मागच्या लांब बाकावर अंथरूण पसरत होता, चालक मोबाइलवर घरी बोलत होता. आईने पिशवीतून फडके बांधलेला डबा काढला आणि सरळ गाडीत चढली. घट्ट पिठले, ज्वारीच्या भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि कांदा. इतके कशासाठी घेतेस, असे मी सकाळी विचारले होते आणि तिने उत्तर दिले नव्हते. तो संकोचून "काकू, आमचं जेवण झालंय," म्हणू लागला. "झालेलं नाही," आई म्हणाली. "दोघांचं आहे. डबा सकाळी द्या." या गावातल्या कोणकोणत्या बायकांनी अण्णांना भाकरी वाढली, हे तिला कधीच कळणार नव्हते. अण्णा त्यांची नावे सांगत नसत. फक्त नाचणीच्या पिठाची पुरचुंडी किंवा मधाची बाटली पिशवीतून काढीत आणि पैसे देऊन आणले आहे, हे न विचारता सांगत. आमच्या घरचा स्वयंपाक त्यांच्या ड्यूटीवर ठरे. बामणोली लागली की नाचणी, कोरेगावकडची लागली की घेवडा, ढेबेवाडी लागली की तांदूळ.

रात्री खोलीत झोपायच्या आधी आईने स्टीलचा पेला घेतला, खिडकीच्या फळीच्या अगदी कडेला पालथा ठेवला आणि त्यावर दुसरा पेला उताणा, निम्मा बाहेर झुकेल असा बसवला. नेम जमेपर्यंत ती दोनतीनदा बोटाने वरचा पेला सरकवत राहिली. हे काम अण्णांचे होते. आमच्या घरी रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी स्वयंपाकघराच्या फळीवर असे पेले ठेवले जात आणि अण्णा बरोबर उंबऱ्यापाशी, दाराकडे पाय करून झोपत. ते कोयनेच्या खोऱ्यातले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ते शाळेत शिकत होते. घराची मागची भिंत गेली आणि पुढे किती तरी महिने सगळे कुटुंब पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. जमीन जराशी हलली तरी पेला पडेल आणि जाग येईल, असा तो हिशेब, हे आम्ही भावंडे एकमेकांना सांगत आलो. मुक्कामी ड्यूटी ते मागून का घेत, याचेही आईचे उत्तर त्यातच होते. गाडीच्या टपाला भिंती नसतात.

त्या रात्री पेला पडला नाही. पहाटे गाडीत चढलो, तेव्हा वाहकाने घासून पुसलेला डबा आईच्या हातात दिला. आत बिस्किटाचा एक पुडा होता. परतीच्या डब्यात काही तरी घालायचे, हे त्याला कोणी तरी घरी शिकवले असणार.

शनिवार : औंध

साताऱ्यात तासभर थांबून आम्ही औंधची गाडी पकडली. कोरेगावच्या रस्त्यावर माहुलीला कृष्णेचा पूल लागतो. कृष्णा आणि वेण्णा यांच्या या संगमावरच आम्ही अण्णांच्या अस्थी विसर्जित केल्या. पूल आला तसे शेजारच्या बाईंनी पर्समधून नाणे काढून खिडकीतून भिरकावले. अण्णांना या प्रकाराचा मनस्वी राग होता, आणि त्याचे कारण धार्मिक मुळीच नव्हते. तिकिटाच्या वेळी 'सुट्टे नाहीत' म्हणणारे उतारू पुलावर आले की प्रत्येकाच्या खिशातून नाणे निघे. देणे राहिलेले सुट्टे पैसे तिकिटाच्या मागे लिहून द्यायचे आणि उतरण्यापूर्वी आठवणीने परत करायचे, हा त्यांचा दिवसभराचा ताप. "माझी सगळी मोड कृष्णामाईकडं जमा आहे," असे ते म्हणत. आईने पुलावर हात जोडले, पण पर्स उघडली नाही.

कोरेगाव, रहिमतपूर असा रस्ता. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाल्यामुळे उसाच्या बैलगाड्यांमागून गाडी बराच वेळ रेंगाळत होती.

औंध हे माझ्या दृष्टीने या प्रवासातले महत्त्वाचे गाव होते, कारण माझ्या जन्मतारखेच्या चौकोनात 'मु. औंध' असे लिहिलेले आहे आणि त्याखाली वेगळ्या शाईने 'मुलगी. रात्री २.' अशी नोंद आहे. मी साताऱ्यात जन्मले त्या रात्री अण्णा इथे झोपलेले होते. निरोप पोहोचवण्याची काही सोय नव्हती. सकाळची फेरी घेऊन ते साताऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा वाहतूक नियंत्रकांनी त्यांना बातमी सांगितली. यानंतरचा भाग आईने मला असंख्य वेळा ऐकवलेला आहे आणि यमाईच्या डोंगराकडे जाताना पुन्हा ऐकवला : "आधी आगारात जाऊन वेबिल पुरं केलं, रोकड भरली, पावती घेतली, आणि मग दवाखान्यात आले. मुलगी झालीय म्हटल्यावर माणूस धावत येतो की नाही?" मी अण्णांची बाजू घेतली. दुसऱ्याची रोकड काखेला मारून त्यांना मुलीला उचलून घेता आले नसते, असे माझे मत आहे. आईचे मत गेल्या इतक्या वर्षांत बदललेले नाही आणि ते बदलावे असे मलाही वाटत नाही. या तक्रारीत ती त्यांच्याशी अजून बोलते.

मूळपीठावरच्या यमाईचे दर्शन घेऊन आम्ही भवानी संग्रहालयात गेलो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूरचे आई आणि मूल हे दगडी शिल्प इथे, डोंगराच्या कडेवर पाहायला मिळते. आईला शिल्प पसंत पडले नाही. बाळाचे डोके नीट धरलेले नाही, असे तिने सांगितले. याच राजांनी सूर्यनमस्काराचा प्रचार केला आणि आपल्या संस्थानच्या शाळांत तो सुरू केला. अण्णाही रोज पहाटे नमस्कार घालीत, आणि ही सवय औंधच्या मुक्कामात लागली असे त्यांचे सांगणे होते : पहाटेच्या थंडीत गाडी सुरू व्हायला वेळ लागे, चालक इंजिनाशी झटे आणि स्टँडवर ऊब येण्यासाठी करण्यासारखे दुसरे काही नसे. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते नमस्कार घालू लागले की त्यांचे हात दाराला आणि पाय कपाटाला लागत. शाळेला जायची घाई असली तरी नमस्कार पुरे होईपर्यंत आम्हाला त्या खोलीतून पलीकडे जाता येत नसे.

रात्री ज्या घरी खोली मिळाली तिथे आईने पेले मागून घेतले.

रविवार : कोयनानगर

पुसेसावळीवरून कराड. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी पाच मिनिटे थांबलो, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ते पाहिले आणि पाटणची गाडी धरली. पाटणच्या पुढे कोयनेचे खोरे अरुंद होत जाते. अण्णांचे मूळ गाव कोयनानगरपासून जवळच आहे. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, पण गावातून ती दिसत नाही. परवा बामणोलीत जे पाणी पाहिले त्याचेच हे दुसरे टोक आहे, हे मी आईला सांगितले. मुक्कामाच्या रात्री अण्णा त्या पाण्याच्या वरच्या टोकाला बसून खालच्या टोकाचा विचार करीत असतील का, हा प्रश्न मला पडला होता. आईने तो निकालात काढला : "दिवसभर उभं राहिलेला माणूस आडवा झाला की झोपतो."

गावात अण्णांच्या थोरल्या चुलतभावाच्या पत्नी, आमच्या काकू, अजून त्याच घरात राहतात. भूकंपानंतर बांधलेले, ठेंगणे, पत्र्याचे घर. जेवणे झाल्यावर बोलता बोलता भूकंपाचा विषय निघालाच. त्या वेळी नव्या नवरीच्या असलेल्या काकूंनी पहाटेचा आवाज कसा जमिनीतून आला, गोठ्यातल्या म्हशींनी आधी कशा दावणी ओढल्या, डिसेंबरच्या थंडीत लोक उघड्यावर शेकोट्या करून कसे बसले, हे बारकाईने सांगितले. अजूनही अधूनमधून खोऱ्यात हादरे बसतात, त्यांची आता कोणी फारशी दखल घेत नाही. मग आईने पेल्यांचा विषय काढला. अण्णा अखेरच्या आजारातही ते ठेवायला विसरले नव्हते. हात थरथरू लागल्यावर वरचा पेला जागेवर राहीना, तेव्हा पलंगावरून सूचना देऊन ते आईकडून ठेवून घेत.

काकू मोठ्याने हसल्या. "अगं बाई, ते भूकंपाचं कुठलं! ते मांजराचं. सासूबाई दुधाच्या भांड्यापुढं रोज असेच पेले मांडायच्या. मांजर फळीवर आलं की पेला पडायचा आणि त्या काठी घेऊन उठायच्या. भूकंपाच्या आधीपासनं."

मी आईकडे पाहिले. आमच्या घरी मांजर कधी नव्हते, आणि दूध तर रात्री उरतच नसे. आईने सुपारीचे खांड तोंडात टाकले, काही वेळ चघळले.

"तुमच्याकडं मांजराचं असेल, जाऊबाई," ती म्हणाली. "आमच्याकडं भूकंपाचंच होतं."

दुपारी चिपळूणहून येणारी सातारा गाडी उशिरा आली आणि भरलेली होती. वाहकाने आईसाठी आपली जागा रिकामी केली. 'वाहक' असे लिहिलेल्या त्या बाकावर पाटणपर्यंत बसून पुढे तिने ती मलाच दिली, कारण तिथे पाय लांब करता येत नाहीत अशी तिची तक्रार होती. ढेबेवाडी राहिली आहे. ती डिसेंबरात, दादाची सुट्टी पाहून करायची आहे, त्यालाही एस.टी.नेच यावे लागेल, हे आईने त्याला कराडला पोहोचायच्या आतच फोन करून बजावले.